समजोत्याचा कागद झाला, पण गुन्हा तिथंच आहे

नागपूरच्या धंतोलीत भागीदारीत हॉस्पिटल चालवणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न आहे. 2021 मध्ये त्यांच्या भागीदार डॉक्टरने पोलिसांत फिर्याद दिली की मशीनच्या लोनसाठी बँकेत दिलेल्या कागदावर यांनी माझी सही खोटी केली, भारतीय दंड संहितेची कलमं लागली 420 (फसवणूक), 406 (विश्वासघात), 468 (फसवणुकीसाठी खोटा दस्तऐवज), 471 (खोटा दस्तऐवज वापरणं). यांनीही मग केबिनमध्ये झालेल्या मारहाण-शिवीगाळीबद्दल 323, 504, 506 खाली कोर्टात खाजगी तक्रार टाकली. 2023 मध्ये दोन सीनियर डॉक्टर मध्ये पडले, 500 च्या स्टॅम्पवर माफीनामा आणि समजोता झाला, 18 लाख द्यायचे ठरले ते यांनी दिले, स्वतःची तक्रारही मागे घेतली. आता पासपोर्ट रिन्यूअलच्या पोलिस व्हेरिफिकेशनमध्ये केस चालूच असल्याचं कळलं, आणि हजर न राहिल्यामुळे जामीनपात्र वॉरंटही निघालेलं. भागीदार म्हणतो मी माझ्याकडून कधीच विषय संपवला. मग केस अजून काहून चालू आहे?

डॉक्टरसाहेब, असे प्रश्न माझ्याकडे डॉक्टरांचे येतात, सीए लोकांचे येतात, वकिलांचेसुद्धा येतात, आणि चूक जवळपास प्रत्येकाची एकाच ठिकाणी असते. तुमच्या कागदातलं ते वाक्य बघा, "दोन्ही पक्ष आपापल्या तक्रारी मागे घेतील". तुमच्यासाठी हे वाक्य खरं होतं. तुमची खाजगी तक्रार होती, समन्स केस होती, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांची, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (CrPC) कलम 257 खाली कोर्टाच्या परवानगीने तुम्ही ती मागे घेतली आणि भागीदार त्यातून निर्दोष सुटला. त्याच्यासाठी मात्र ते वाक्य अमलात येणारच नव्हतं. पोलिसांत गुन्हा नोंदला की केस सरकारची होते, फिर्यादी फक्त साक्षीदार उरतो. खटला मागे घ्यायचा तर तो अर्ज त्याच संहितेच्या 321 खाली सरकारी वकील करतो, फिर्यादी नाही. म्हणजे तुम्ही तुमच्या हातातलं देऊन बसले आणि त्याने जे देतो म्हटलं ते त्याच्या हातात नव्हतंच. 18 लाखांचा व्यवहार आणि सही करण्याआधी एका वकिलाला तो कागद दाखवला नाही, याचा मला खरंच राग येतो, कारण एका ओळीचा बदल होता.

ती ओळ अशी हवी होती की फिर्यादी मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात स्वतः हजर राहून गुन्हा रद्द करायला ना-हरकतीचं शपथपत्र देईल, आणि शेवटचा हप्ता त्या दिवशी. 420 आणि 406 ची तडजोड खालच्या कोर्टाच्या परवानगीने होऊ शकते, पण 468 आणि 471 ची होत नाही. कोणी सांगेल लोकअदालतीत टाका, तर तिथं तडजोड न होणारे गुन्हे घेतच नाहीत. त्यामुळे रस्ता एकच, केस रद्द करण्याचे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आधी CrPC चं कलम 482, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 528. सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये ग्यान सिंगच्या निकालात सांगितलंय की खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत समजोत्यावर केस रद्द होणार नाही, पण ज्या भांडणाचं मूळ व्यवहारात, भागीदारीत आहे ते दोघांत खरंच मिटलं असेल तर तडजोड न होणारं कलम असलं तरी हायकोर्ट रद्द करू शकतं. तुमचं भांडण त्यातच बसतं असं मला वाटतं, फक्त बँकेचं एक बघावं लागेल. लोन फिटलं असेल आणि बँकेची तक्रार नसेल तर तसं पत्र घेऊन ठेवा. बँकेचं नुकसान झालं असेल तर मी आत्ता काही सांगू शकत नाही, तेव्हा प्रश्न दोघांपुरता राहत नाही.

आता सगळं अडलंय ते वेळेवर. 2014 च्या नरिंदर सिंगच्या निकालात कोर्टाने केस कुठल्या टप्प्यावर आहे त्याला महत्त्व दिलंय. तपास चालू असताना किंवा चार्ज लागला (कोर्टाने आरोप निश्चित केले) पण पुरावा सुरू झाला नाही तोवर हायकोर्ट उदारपणे बघतं, साक्षी संपत आल्यावर किंवा युक्तिवादाला आल्यावर सहसा हात आखडता घेतं. तुम्ही लिहिता की पोलिसांची चार्जशीट दाखल होऊन इतका काळ गेला तरी चार्ज लागलेला नाही. आपली कोर्टं ज्या गतीने चालतात त्याचा मला रोज त्रास होतो, माणसं म्हातारी होतात तारखा घेता घेता, पण तुमची वेळ अजून गेलेली नाही ती याच कारणाने. पुढच्या तारखेची वाट बघू नका. आधी मॅजिस्ट्रेटसमोर हजर होऊन वॉरंट रद्द करून घ्या, नाहीतर पुढचं अजामीनपात्र निघेल, आणि फरार माणसाचा समजोता हायकोर्टात मांडणं अवघड जातं.

मग भागीदार. तो म्हणतो विषय संपवला, तर त्याला सांगा की हायकोर्टात येऊन तेवढंच सांग. त्याने शपथपत्र दिलं तर खंडपीठ त्याला उभं करून विचारेल की दबाव नाही ना, कधीकधी रजिस्ट्रारकडे पडताळणीला पाठवतात, सरकारी वकील म्हणणं देतात, पोलिसांचा वेळ घेतला म्हणून थोडी कॉस्टही, म्हणजे कोर्टाने भरायला लावलेली रक्कम, बसू शकते, ती मुकाट भरा.

तो मागे फिरला तर कठीण, पण सगळं संपलं असं नाही. रुची अग्रवालच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने समजोत्याचा फायदा घेऊन झाल्यावर फौजदारी केस चालू ठेवणं हा प्रक्रियेचा दुरुपयोग मानला. ती केस नवराबायकोची होती, तुमच्या बाबतीत तितकीच चालेल अशी खात्री देत नाही. तिथं पैसे दिल्याचा पुरावा लागेल आणि तुम्ही लिहिता 13 लाख आरटीजीएसने आणि 5 लाख रोख, पावती नाही. एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला त्या वेळच्या आयकर कायद्याच्या कलम 269ST मुळे तेवढाच दंड बसू शकतो, त्यामुळे ते 5 लाख तो शपथेवर कबूल करेल अशी आशा धरू नका. आरटीजीएसच्या एंट्र्या बँकेकडून शिक्क्यासह काढा, ते जास्त कामाचं.

आणि माफीनाम्यात तुम्ही लिहिलंय "माझ्याकडून चुकीची सही झाली, क्षमस्व". असं काहून लिहिलं? झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगिरी एवढं पुरेसं होतं. भागीदार सोबत असेल तर नव्या शपथपत्रात साधी भाषा वापरून पुढे जाता येईल. तो विरोधात गेला तर पैसे दाखवायला हाच कागद तुम्हाला दाखल करावा लागेल आणि ही ओळ त्याच्यासोबत रेकॉर्डवर येईल, खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. म्हणून तो कागद मूळ प्रतीसह हायकोर्टात केस लढवणाऱ्या वकिलाला आधी वाचू द्या, निर्णय त्याने वाचल्यावर.

पासपोर्टचं त्यामानाने सोपं आहे, केस चालू असली तरी खालच्या कोर्टाची परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा मिळतो, वॉरंट रद्द झाल्यावर तो अर्ज टाका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे भागीदाराने तक्रार केली असेल तर ती हायकोर्टाच्या आदेशाने आपोआप बंद होत नाही, तिथं वेगळं कळवावं लागतं. तशी तक्रार आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं तपासून घ्या.