वाचकांचे प्रश्न : राष्ट्रपतींच्या संमतीनंतरही राज्याचा कायदा का पडतो?

प्रश्न : समवर्ती सूचीतल्या (म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा) विषयावर केंद्र आणि राज्य दोघांचे कायदे असतील तर कोणाचा चालतो? राष्ट्रपतींची संमती मिळाली की राज्याचा कायदा पक्का, असं आम्हाला शिकवतात. (विधी शाखेची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : अर्धंच शिकवतात. राज्यघटनेच्या कलम 254(1) प्रमाणे विसंगती असेल तिथे केंद्राचा कायदा चालतो, आणि राज्याचा तेवढ्या भागापुरताच निष्प्रभ होतो. 254(2) मध्ये वाट ठेवली आहे : राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं, संमती मिळाली की त्या राज्यात राज्याचा कायदा वरचढ. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, मोक्का (1999), या संमतीनेच आला. कलम 201 मध्ये राष्ट्रपतींना मुदत घातलेली नाही. विधेयक परत आलं तर विधिमंडळाने 6 महिन्यांत फेरविचार करायचा. तेच पुन्हा मंजूर केलं तरी संमती द्यायलाच हवी असं नाही.

घोटाळा बहुधा पाठवणीच्या कागदांत होतो. कोणत्या केंद्रीय कायद्याशी विसंगती आहे, हे नाव घेऊन लिहावं लागतं. मुंबई भाडे कायद्याची मुदत वाढवताना संमती मागितली, पण सार्वजनिक जागांतून अनधिकृत भोगवटादारांना काढण्याचा 1971 चा केंद्रीय कायदा त्या मागणीत नव्हता. 2002 मध्ये कैसर-इ-हिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्या कायद्यासाठी संमती मागितली, तेवढ्यापुरतीच ती चालते. भाडेकरूंचं संरक्षण तिथे तोकडं पडलं.

कागद चोख असले तरी संसद पुढे त्याच बाबीवर कायदा करू शकते. जीवनावश्यक मालाबद्दलच्या गुन्ह्यांना मुंबई प्रांताने 1947 मध्ये शिक्षा वाढवून 7 वर्षांपर्यंत नेली. 1950 मध्ये संसदेने शिक्षांची रचना स्वतःच बदलली आणि मुंबईचा कायदा गेला; झवेरभाई अमैदास खटल्याचा (1954) हा निकाल आजही दाखल्यादाखल दिला जातो.

प्रश्न : सगळीकडे केंद्रच जिंकतं का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. कॅनडात शेती आणि स्थलांतर या विषयांत केंद्राचा कायदा वरचढ, पण वृद्धापकाळाच्या पेन्शनबाबत (कलम 94ए) प्रांताचा. जर्मनीने 2006 मध्ये याहून धीट पाऊल टाकलं. शिकार, निसर्गसंवर्धन, पाणी, प्रादेशिक नियोजन अशा मोजक्या विषयांत राज्य केंद्राच्या कायद्यापासून फारकत घेऊ शकतं, कोणाची संमती न मागता. दोघांपैकी नंतरचा कायदा लागू. केंद्राने पुन्हा कायदा केला तर तो साधारणपणे प्रसिद्धीनंतर 6 महिन्यांनी अमलात येतो, म्हणजे राज्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो. आपल्या संमतीच्या वाटेपेक्षा हे आम्हाला सरळ वाटतं. वकिलांना मात्र दरवेळी दोन्ही कायद्यांच्या तारखा पडताळाव्या लागतात.