सत्तासमतोलाने युरोपात शांतता टिकवली का?

आपण विचारले आहे की, युरोपातील सत्तासमतोलाचे राजकारण प्रत्यक्षात कसे चालत असे आणि त्यामुळे शांतता टिकली का. माझ्या मते या राजकारणाचा हेतू एकच होता : कोणत्याही एका सत्तेला इतरांवर हुकमत गाजवता येऊ नये. शांतता लाभली तर ती त्या ओघात लाभे, आणि तिची किंमत बहुधा दुबळ्या देशांच्या माथी मारली जाई. स्पेनच्या गादीवरून झालेले युद्ध मिटवणाऱ्या १७१३ च्या उट्रेख्टच्या तहातच समतोलाचे हे तत्त्व स्पष्ट शब्दांत नोंदवले गेले होते. परंतु ते कसे राबवले जाई, हे समजण्यासाठी १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेतील पोलंड-सॅक्सनीचा वाद पाहावा, असे मी सुचवेन.

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर रशिया, प्रशिया (उत्तर जर्मनीतील बलाढ्य राज्य), ऑस्ट्रिया आणि ब्रिटन हे चार विजेते व्हिएन्नात जमले, तेव्हा नेपोलियनने पोलंडच्या भूमीवर निर्माण केलेल्या वॉर्सा संस्थानात रशियाचे सैन्य ठाण मांडून बसले होते. झार अलेक्झांडरला तेथे स्वतःच्या अधिपत्याखाली पोलंडचे राज्य उभे करायचे होते. त्या बदल्यात प्रशियाला शेजारचे संपूर्ण सॅक्सनी हे जर्मन राज्य हवे होते, कारण तेथील राजा नेपोलियनच्या बाजूने लढून लाइपझिगच्या लढाईनंतर कैदेत पडला होता. हे दोन्ही घडले असते, तर ऑस्ट्रियाच्या उत्तरेला एकीकडे रशिया आणि दुसरीकडे ऑस्ट्रियाच्याच बोहेमिया प्रांताच्या सीमेला भिडलेला प्रशिया, अशी कोंडी झाली असती, आणि ती ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख याला मान्य होणे शक्यच नव्हते.

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांनी आधी प्रशियाला सॅक्सनी देऊन रशियापासून फोडण्याचा प्रयत्न केला. तो फसला, कारण प्रशियाचा राजा झारची साथ सोडायला तयार नव्हता. मग कॅसलरे यांनी बाजू बदलली. ३ जानेवारी १८१५ रोजी ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि नुकताच हरवलेला फ्रान्स यांनी गुप्त तह केला आणि हल्ला झाल्यास प्रत्येकी १,५०,००० सैन्य उभे करण्याचे वचन एकमेकांना दिले. वर्षभरापूर्वीचा शत्रू मित्र झाला आणि कालच्या मित्रांविरुद्ध युद्धाची तयारी सुरू झाली. लंडनहून आलेल्या सूचना युद्धात न गुंतण्याच्या होत्या, तरीही कॅसलरे यांनी मंत्रिमंडळाची परवानगी न घेता सही केली. याच तहामुळे फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याला बड्या सत्तांच्या बैठकीत बरोबरीचे स्थान मिळाले; हरलेल्या देशाला इतक्या लवकर असा मान मिळवून देणारे मुत्सद्दी इतिहासात फार थोडे आहेत.

या वाटाघाटींचा एक तपशील मला नेहमी अस्वस्थ करतो. कोणत्या प्रदेशात किती माणसे राहतात हे ठरवण्यासाठी परिषदेने एक सांख्यिकी समिती नेमली, कारण प्रशियाला १८०५ मध्ये जेवढी प्रजा होती तेवढी भरून द्यायची होती. फ्रान्सचा आग्रह होता की, नुसती संख्या न मोजता त्या लोकसंख्येचा दर्जाही विचारात घ्यावा. आपण कोणाची प्रजा व्हावे, हे त्या माणसांना मात्र कोणीही विचारले नाही.

अखेर तडजोड झाली. प्रशियाला सॅक्सनीचा उत्तरेकडील भाग, पोलंडमधील पोझेन आणि ऱ्हाइनकाठचा मोठा प्रदेश मिळाला. ड्रेस्डेन आणि लाइपझिग सॅक्सनीच्या राजाकडे राहिले. उरलेल्या पोलंडचा बहुतांश भाग झारकडे गेला आणि क्राकूव्ह स्वतंत्र नगर ठरले. एल्बा बेटावरील हद्दपारीतून परतलेल्या नेपोलियनच्या हाती त्या गुप्त तहाची प्रत पॅरिसमध्ये लागली आणि त्याने ती झारकडे पाठवून दिली. तरीही चौघांची आघाडी फुटली नाही, कारण नेपोलियनची भीती त्या रागापेक्षा मोठी होती.

यानंतर १८५३ मध्ये सुरू झालेल्या क्रिमियन युद्धापर्यंत, म्हणजे जवळजवळ ४० वर्षे, बड्या सत्तांमध्ये आपसांत युद्ध झाले नाही, आणि हे यश मी कमी लेखत नाही. परंतु १८३० मध्ये पोलिश जनतेने झारविरुद्ध उठाव केला, तेव्हा एकही सत्ता तिच्या मदतीला सैन्य घेऊन आली नाही. १८४६ मध्ये क्राकूव्हही ऑस्ट्रियाने गिळंकृत केले. स्वतंत्र पोलंड युरोपच्या नकाशावर परतला तो १९१८ मध्ये, त्याला गिळणारी रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया (पुढे जर्मनी) ही तिन्ही साम्राज्ये कोसळल्यानंतर.