तू का हसलास?

प्रिय 'अकरावी, लातूर',

नीटच्या क्लाससाठी तू गाव सोडून आलास. रूमवर तुम्ही पाच जण. रात्री पुस्तकं मिटली की व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, फिरतो, त्यासाठी दर महिन्याला कॉन्ट्री निघते, आणि कुणी मागे सरला की तो 'फट्टू'. तुला ते आवडत नाही, घरून आलेले पैसे त्यात घालताना लाज वाटते, तरी तू ओढतोस. तुझा प्रश्न असा: 'सगळेच ओढतात, मी एकटा नाही कसं म्हणू?'

सगळेच ओढत नाहीत, हे तूच लिहिलंयस. पत्राच्या शेवटी, कंसात: 'एक जण नेहमी खोकला झालाय म्हणून पुढे सरकवतो, त्याला सगळे हसतात, मी पण.'

हे वाचलं आणि मला तुझा राग आला. अरे, खोकला काय महिनोन्‌महिने राहतो? तो मुलगा रोज रात्री, एकटा, जमेल तसं नाही म्हणतोय. तुला जे जमत नाही म्हणून तू मला पत्र लिहिलंस, ते तुझ्या शेजारच्या कॉटवर रोज घडतंय. आणि तू हसतोस. तुझ्यावर दबाव आहे हे खरं, पण त्या मुलावरच्या दबावात एक वाटा तुझाही आहे. त्याच्या हिशेबात 'ते चौघं' आहेत, आणि त्या चौघांत तू आहेस.

'ठामपणे नाही म्हण' हे तुला शाळेत हजारदा सांगून झालं असेल. मी सांगणार नाही. चौघांसमोर एकट्यानं वेगळं बोलणं मोठ्या माणसांनाही जड जातं. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. काम अगदी सोपं: दिलेल्या रेषेएवढी लांब रेष तीन रेषांतून ओळखायची. खोलीतले बाकीचे सगळे ॲशनं आधीच पढवून ठेवलेले. ते एका सुरात चुकीचं उत्तर द्यायचे. समोर धडधडीत दिसत असूनही चारांतले तीन जण एकदा तरी त्यांच्या मागे गेले. काहींनी नंतर कबूल केलं की उत्तर चूक आहे हे कळत होतं, फक्त वेगळं पडायचं नव्हतं.

पण मग ॲशनं त्या पढवलेल्यांत एकच माणूस खरं बोलणारा बसवला. फक्त एक. तेवढ्यानं गर्दीमागे जाणं जवळजवळ पाव पटीवर आलं.

तुझ्या खोलीत तो एक माणूस आधीपासून आहे. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नाही, एवढंच.

व्हेपबद्दल थोडक्यात सांगते. ई-सिगारेट बनवणं आणि विकणं देशात २०१९ पासून बंद आहे, त्यामुळे तुमच्या हातातल्या त्या पेनात नेमकं काय भरलंय हे सांगायला कुणीही बांधील नाही. तुझ्या वयात निकोटिनची सवय लवकर जडते. हे तुला ठाऊकच असणार, नाहीतर पत्र लिहिलं नसतंस.

आता एकच काम कर. येत्या रविवारी त्या मुलाला जेवायला बाहेर घेऊन जा. फक्त त्याला, बाकी तिघांना नको. जेवण मागवून झालं की सांग, 'मलाही ते नको असतं. तुला हसायला नको होतं मी.' दुसरी प्रस्तावना नको, 'सहज विचारतोय' वगैरे नको. तो चिडला तर ऐकून घे, त्याचा तो हक्क आहे. गप्प बसला तरी चालेल, तू बोलून टाक.

त्याच रात्री व्हेप फिरेल. तो पुढे सरकवेल. त्याच्या पाठोपाठ तूही सरकव, खोकल्याचं नाव न घेता. कुणी हसलं तर त्या हसण्यात या वेळी तुझा आवाज नसेल, आणि हे त्याला लगेच कळेल. या महिन्याची कॉन्ट्रीही दोघांनी द्यायची नाही.

तुझी,
मावशी