मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेल्या हिरव्या-तपकिरी काचांना पेंडंटसाठी भोक पाडताना त्या फुटतात. काय करावं?

काच कोरडी धरून भोक पाडत असाल तर ती तडकणारच, कारण एकाच जागी ताप धरते. पसरट डब्यात लाकडाचा तुकडा ठेवा, त्यावर काच, आणि ती जेमतेम बुडेल इतकं पाणी. ड्रिल बॅटरीवरचं घ्या, प्लगवालं पाण्याजवळ नको. डायमंड बिट (हिऱ्याची भुकटी बसवलेलं टोक) लावून वेग कमी ठेवा आणि जोर देऊ नका. मध्येमध्ये बिट उचललं की पाणी आत शिरतं. अर्ध्यावर आलात की काच उलटवून दुसऱ्या बाजूने पाडा, नाहीतर शेवटी टवका उडतो. पाण्यामुळे काचेची भुकटीही नाकातोंडात जात नाही.

पण खरं सांगू? भोक पाडूच नका, तारेत गुंफा. मी ईशान्य इंग्लंडमध्ये राहते, सीहॅमचा किनारा जवळ आहे. तिथे १८५३ ते १९२१ बाटल्यांचा कारखाना होता आणि टाकाऊ काच समुद्रातच लोटत. तीच आज ओहोटीनंतर दगडगोट्यांमध्ये सापडते, कधी एकाच खड्यात दोन-तीन रंग! एखादा तुकडा भिंगाखाली धरून बघा. सगळीकडे बारीक चंद्रकोरी उमटलेल्या दिसतात. दगडावाळूवर आपटून पडलेल्या त्या खुणा आणि खाऱ्या पाण्याने हळूहळू खाल्लेला पृष्ठभाग, यातून तो दुधाळपणा येतो. त्याला कित्येक दशकं लागतात. म्हणून पॉलिश, तेल, वॉर्निश काही लावू नका. सगळं सौंदर्य त्या सालीत आहे.

तुमच्या हिरव्या-तपकिरी काचा बिअरच्या बाटल्यांच्या असाव्यात. ज्यांच्या कडा बोटाला लागतात त्या दागिन्यात नकोत, आणि परत वाळूतही टाकू नका, कुणाच्या तरी पायात जातील.

तार ०.८ मिलिमीटरची, आधी तांब्याची. हात बसला की चांदीची.

मला एकदा गोटी सापडली, अगदी आपल्या गोटी सोड्यातली असते तशी. ती बाटली मूळची इंग्लंडचीच, हायरम कॉड यांची, १८७० च्या दशकातली. गोटीसाठी इथली पोरं बाटल्या फोडायची. तिच्याभोवती मी चांदीच्या तारेचा सैलसर पिंजरा केला. चालताना ती आत किंचित हलते.