शिफ्ट करण्याआधी कल्चरचे कागद हातात घ्या

तुमच्या मेव्हण्याचं वाचलं. ३५ टक्के भाजलंय, जखमेच्या स्वॅबमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू, रिपोर्टवर कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सोडून सगळीकडे 'आर' (म्हणजे ते औषध चालत नाही), आणि घरचे म्हणतायत पुण्यातच दुसरीकडे हलवू. धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही याच टप्प्यावर अडकलो होतो, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधांचा निर्णय त्यांचाच.

हलवायचं तर हलवा, पण आजवरचा प्रत्येक कल्चर-सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं ते सांगणारा) हातात आल्याशिवाय अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू नका. बहिणीच्या रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट तयार होता. लॅब म्हणे वॉर्डातून घ्या, वॉर्ड म्हणे कॉम्प्युटरवर दिसत नाही, बिलिंगवाले म्हणे रेकॉर्ड विभागात अर्ज करा, आणि तो विभाग शनिवारी दुपारीच बंद. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'कल्चर पाठवले आहे'. नव्या डॉक्टरांनी हातात काहीच नसताना मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं. सोमवारी कागद मिळाला, तर जंतू मेरोपेनेमला दाद देणारा नव्हताच. तोवर तिचं बीपी कोसळून ती व्हेंटिलेटरवर गेली होती. एक प्रिंट काढून द्यायला त्यांचं काय जात होतं? ती वाचली, पण माझा राग अजून गेलेला नाही.

मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. रक्तात जंतू पसरलेल्या माणसाकडे ७२ तास नसतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पण त्यावर थांबू नका. नव्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना थेट लॅबच्या मायक्रोबायोलॉजिस्टना फोन करायला सांगा. डॉक्टर डॉक्टरांशी बोलले की काम होतं.

कोलिस्टिनची टेस्ट कोणत्या पद्धतीने झाली, तेही त्याच फोनवर विचारून घ्यावं. डिस्क (औषधाची चकती) लावून केलेली भरवशाची नसते, ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रवात औषधाचं प्रमाण बदलत केलेली टेस्ट) लागतं. ते औषध किडनीला जड जातं, त्यामुळे क्रिएटिनिनवर (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) लक्ष ठेवा.

आणि स्वॅबमध्ये जंतू दिसला की लगेच अँटिबायोटिक बदला, असा आग्रह धरू नका. भाजलेल्या जखमेवर जंतू असतातच. ते आत शिरलेत का, हे डॉक्टर ताप, बीपी, जखमेचा बदललेला रंग, रक्ताच्या तपासण्या असं सगळं बघून ठरवतात. माझं स्पष्ट मत आहे की आपण नातेवाईक महागड्या इंजेक्शनांच्या मागे धावतो आणि खरा प्रश्न विचारायचा राहतो: मेलेली कातडी कधी काढणार आणि जखम कशाने झाकणार? त्या कातडीत रक्तपुरवठाच नसतो, तिथे सलाइनमधून दिलेलं औषध पोचणार कसं? स्वतःची त्वचा ग्राफ्टला (काढून जखमेवर लावायला) पुरत नसेल तर दान केलेली त्वचा तात्पुरती लावता येते. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. नव्या सर्जनना पहिल्याच भेटीत याबद्दल विचारा.