तिच्या शर्यतीत माझं काम काय?

ताई,

मी ४५, बायको ४२. आम्ही अटलांटात राहतो. ती सांगलीची, लहानपणी कृष्णेत पोहायला शिकलेली. काही वर्षांपासून तिने डोंगरातल्या ट्रायथलॉनचं मनावर घेतलंय. शेजारच्या अलाबामात ओक माउंटनला एक्सटेराची, म्हणजे अशा रानातल्या ट्रायथलॉनच्या मालिकेतली, शर्यत असते. तलावात दीड किलोमीटर पोहायचं, मग जंगलातल्या पायवाटांवर साधारण ३० किलोमीटर माउंटन बाइक आणि शेवटी १० किलोमीटर पळायचं, तेही रानातूनच.

मागच्या खेपेला मी मुलाला घेऊन गेलो होतो. चार तासांहून जास्त वेळात ती मला दिसली जेमतेम दोन-तीन मिनिटं. ब्लड रॉक नावाचा एक भयंकर खडकाळ उतार आहे, तिथे मी उभा होतो. ती आली तसा मी जिवाच्या आकांताने 'अगं सांभाळून!' ओरडलो. ती सायकलवरून उतरली आणि सायकल हातात धरून खाली गेली. पळतानाही दिसली, तेव्हा 'झालंच आता!' म्हणालो. शर्यत संपल्यावर ती मला म्हणाली, "पुढच्या वेळी नाही आलास तरी चालेल." मी गाडी चालवली, सामान वाहिलं, मुलाला सांभाळलं आणि वर हे.

खरं सांगू? दर शनिवारी ती पहाटे सायकल घेऊन जाते. पोहे मी करतो, मुलाला मराठी शाळेत मी सोडतो. फोनवर आई विचारते, 'या वयात हे कशाला?' माझ्याकडे उत्तर नसतं. या वर्षी जाऊ की नको?

– एक नवरा, अटलांटा

ता. क. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला पुन्हा न्यावं का?

---

जा. पण कसं जायचं, ते आधी बोलू.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात: ती सायकलवरून उतरली आणि सायकल हातात धरून खाली गेली. मी तिथेच अडले. खडकाळ उतारावरून माउंटन बाइक खाली कशी आणतात, ते तिला एकदा निवांत विचारा. सीटवरून उठून अंग मागे न्यायचं, गुडघे-कोपरं सैल ठेवायची, आणि नजर चाकाखालच्या दगडावर न ठेवता पुढे, जिथून बाहेर पडायचंय तिथे. नजर जाते तिकडे चाक जातं. घाबरून ब्रेक आवळला तर पुढचं चाक खडकात अडतं आणि माणूस हँडलवरून पलीकडे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत करायचं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी झाडाआडून सगळ्यात ओळखीच्या आवाजात ओरडा आला, 'अगं सांभाळून!' तिने तुमच्याकडे पाहिलं असणार. कुणीही पाहील. पाहिल्यावर वाट सुटली, म्हणून ती उतरली. कदाचित वर्षभर तिने त्याच उताराची तयारी केली असेल.

हा माझा अंदाज आहे, खरं काय ते तिलाच माहीत. पण तो बरोबर असेल तर 'नाही आलास तरी चालेल' याचा अर्थ 'तू नकोस' असा होत नाही. त्या दिवशी तिला स्वतःच्या भीतीबरोबर तुमचीही भीती वाहावी लागली, एवढंच ती सांगत होती. थोडं तिरकं सांगितलं हे खरं. पण चार तास चिखलात काढून आलेल्या माणसाकडून गोड वाक्याची अपेक्षा आपणही करू नये.

ब्लड रॉकपाशी गर्दी का होते, हे तुम्हालाही माहीत असेल. कोण पडतं ते बघायला लोक तिथे जमतात. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही, पण ते असो. तुम्ही या वेळी तिथे थांबू नका. थांबलातच तर ती खाली पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढू नका. त्यापेक्षा चढाची जागा शोधा. चढावर सायकल चालण्याच्या वेगाने जाते, माणूस धापा टाकत असतो, डोकं म्हणत असतं की आता उतरूया. आवाजाची गरज तिथे असते आणि आवाज ऐकायला वेळही असतो. लांबून ओळखू येईल असा भडक रंगाचा सदरा घाला. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नका, कारण सायकल घसरली तर तिकडेच येते.

आता 'झालंच आता'. हे वाक्य शर्यतीच्या वाटेवर बोलूच नये. अजून चार-पाच किलोमीटर चढ-उतार पायाखाली यायचे आहेत हे तिला माहीत असतं, आणि तुम्हाला ते माहीत नाही हेही तिला त्या एका वाक्यातून कळतं. जे खरं असेल ते बोला. 'पुढची निळ्या टोपीवाली त्या झाडापाशी आहे, चालतेय.' 'मागे कुणी नाही.' 'पाण्याचं टेबल वळणावर आहे.' काहीच माहीत नसेल तर तिला नावाने हाक मारा, पुरे. आणि तिला काय ऐकायला आवडेल हे आधी विचारून ठेवा, मात्र शर्यतीच्या पहाटे गाडीत नव्हे. काहींना गोंगाट हवा असतो, काहींना फक्त आपलं माणूस कुठल्या झाडाखाली आहे एवढं कळलं तरी चालतं.

याच खेळातल्या एका नवऱ्याचा किस्सा सांगते. स्कॉटलंडची लेस्ली पॅटरसन ही एक्सटेराची २०११, २०१२ आणि २०१८ ची जगज्जेती. पहिल्या महायुद्धावरच्या एका जर्मन कादंबरीचे चित्रपट-हक्क तिने आणि तिच्या सहलेखकाने वर्षानुवर्षं पदरचे पैसे घालून राखून ठेवले होते. एका वर्षी हप्त्याची वेळ आली आणि हाती पैसे नव्हते. कोस्टा रिकात शर्यत होती, बक्षिसाच्या रकमेत काम भागलं असतं. आदल्या दिवशी ती सायकलवरून पडली आणि तिचा खांदा मोडला. तिचा नवरा सायमन मार्शल क्रीडा मानसशास्त्रज्ञ आहे. त्याने तिला आठवण करून दिली की एका हाताने पोहण्याचा सराव तुला छान जमतो. ती एका हाताने पोहली, पाण्यातून बरीच मागे राहून बाहेर आली, आणि शर्यत जिंकली. त्या कादंबरीवरच्या त्यांच्या पटकथेला पुढे २०२३ मध्ये बाफ्टा हा ब्रिटनचा चित्रपट-पुरस्कार मिळाला, ऑस्करचं नामांकनही.

मोडक्या खांद्याने शर्यतीत उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे, तुमच्या घरात असं काही निघालं तर सरळ दवाखाना गाठा. मला त्या नवऱ्याचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. त्याने 'तू करू शकतेस!' असं हवेत सोडलं नाही आणि 'नको गं' असंही म्हटलं नाही. ती सरावात काय करते हे त्याने पाहिलेलं होतं, म्हणून ऐन वेळी उपयोगी पडेल असं काहीतरी त्याच्याकडे होतं. तुम्ही तिचा एखादा तरी सराव पाहिलाय का? एका शनिवारी मुलाला मित्राकडे सोडा आणि ती जाते त्या जंगलात जा. सायकल चालवायची नाही, नुसतं बघायचं. ती कुठले दगड सहज ओलांडते ते डोळ्यांनी पाहिलंत की तुमची निम्मी भीती तिथेच गळेल. उरलेली निम्मी खरी आहे. या खेळात हाडं मोडतात, ती भीती बाळगायला माझी हरकत नाही. फक्त तिच्या वाटेवर ती मांडू नका.

'माझं काम काय' या प्रश्नाला माझ्याकडे अगदी रोकडं उत्तर आहे. स्वयंसेवक व्हा. अशा शर्यती स्वयंसेवकांवरच चालतात आणि ते कधीच पुरेसे नसतात. आयोजकांना आधी कळवा आणि पळण्याच्या वाटेवरचं पाण्याचं टेबल मागून घ्या. ट्रायथलॉनमध्ये बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही. तुम्ही प्रेमाने तिच्या हातात बाटली दिलीत किंवा पंक्चर काढायला धावलात, तर शिक्षा तिला होते. बरोबर पळत जाणंही नियमात बसत नाही. पण अधिकृत टेबलावरचा पेला कुणीही द्यावा, कुणीही घ्यावा. तुम्ही दोन-अडीचशे लोकांना पाणी द्याल आणि त्यात एकदा तीही येईल. शिवाय हात कामात असले की जंगलाकडे बघत ती अजून का आली नाही याचे हिशेब करायला वेळ उरत नाही. तिला उशीर झाला तर बहुतेक वेळा कारण पंक्चर किंवा तुटलेली साखळी असतं, आणि ते दुरुस्त करणं तिला येतं. खरोखर काही झालं तर वाटेवरचे स्वयंसेवक कळवतील. तुम्ही त्यांच्यातलेच एक असाल तर सगळ्यात आधी तुम्हाला कळेल.

एक बारीकशी गोष्ट. अलाबामाचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे आहे. पहाटे घरातून निघताना हिशेब तिथल्या वेळेने करा, म्हणजे उगाच गाडीत घाई आणि चिडचिड होणार नाही.

आता शनिवारचे पोहे. मला वाटतं खरं पत्र तिथून सुरू होतं. तुम्ही केलेल्या कामांची यादी वाचताना मला किराणा दुकानातलं बिल आठवलं. बिल खोटं आहे असं मी म्हणत नाही. महिनोन् महिने शनिवार सकाळ एकट्याने सांभाळणं हे मोठं काम आहे आणि ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. अशी कामं बायकांनी पिढ्यान् पिढ्या केली तेव्हाही कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे जाता जाता. पण ते बिल तुम्ही शर्यतीच्या दिवशी मनातल्या मनात सादर केलंत आणि तिच्याकडून लगेच वसुलीची वाट पाहिलीत. असं होत नसतं. शर्यतीच्या आधी किंवा नंतर, एखाद्या साध्या संध्याकाळी तिच्याशी बोला. थकल्याची तक्रार नका करू, सरळ मागणी करा. रविवार सकाळ माझी. मी काय करीन ते करीन, बॅडमिंटन खेळीन नाहीतर दहापर्यंत झोपीन. तिचं वेळापत्रक कागदावर आहे, तुमचं नाही, म्हणून तुमचा वेळ कुठे जातो ते घरात कुणालाच दिसत नाही, तुम्हालाही नाही. ती नाही म्हणेल असं मला वाटत नाही. म्हणालीच तर मला पुन्हा लिहा, मग तिच्याशीही चार शब्द बोलू.

आईंचं काय करायचं? 'या वयात' ला उत्तर म्हणून आकडे आहेत. नेड ओव्हरेंड याने एक्सटेराचं जगज्जेतेपद १९९८ मध्ये जिंकलं तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, आणि पुढच्या वर्षी त्याने ते पुन्हा जिंकलं. हौशी स्पर्धकांचे दर पाच वर्षांच्या अंतराने वयोगट असतात आणि साठी-सत्तरीतली माणसंही उतरतात. पण आईंना ओव्हरेंडशी काय करायचंय! त्या दर वेळी विचारतात, कारण तुम्ही दर वेळी गप्प बसता, आणि गप्प बसणं म्हणजे हो, असं त्या धरून चालतात. एकदा सांगून टाका, "आई, तिला आवडतं आणि मला ते बघायला आवडतं." दुसरा भाग आज खरा नसेल तर सरावाला एकदा जाऊन या, मग फोन करा. हा फोन तुम्हीच करायचा. सासूबाईंना समजावण्याचं काम शर्यतीच्या तयारीत तिच्या वाट्याला येऊ देऊ नका.

मुलाला न्या. मागच्या वेळी त्याला चार तास 'थांब, आता येईल' एवढंच ऐकावं लागलं असेल. या वेळी पाण्याच्या टेबलावर त्यालाही उभं करता येईल का, ते आयोजकांना विचारा. अमेरिकेत सायकल शर्यतीला लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. तुमच्याकडे गणपतीच्या आरतीचे टाळ असतीलच, ते त्याच्या हातात द्या. चढावर आणि पळण्याच्या वाटेवर वाजवायचे, उतारावर नाही, आणि पायवाट ओलांडायची ती तुमचा हात धरूनच, एवढे दोन नियम त्याला पाठ करून घ्या. डब्यात दहीभात आणि लिंबाचं लोणचं ठेवा. शर्यतीत ताकदीसाठी खातात ती गोड, चिकट जेल तासन् तास खाल्ल्यावर तिला गोडाचं नावही नको असेल. कोरडे कपडे आणि चपला गाडीत वरच ठेवा. सायकल मात्र तिला विचारल्याशिवाय धुऊ नका. या लोकांना आपल्या सायकलला दुसऱ्याने हात लावलेला बऱ्याचदा खपत नाही, आणि तुम्हाला परतीच्या वाटेवर नवं भांडण नकोय.

– ताई