बंद चर्च, चालू हिशेब: वाचकांचे प्रश्न

करोनाच्या टाळेबंदीनंतर २०२० मध्ये १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळे उघडली आणि एप्रिल २०२१ मध्ये दारांना पुन्हा कुलूप लागले. त्यानंतर सोलापूरहून जी पत्रे आली त्यांतली बरीच चर्चला दिलेल्या अर्पणाच्या पैशांबद्दलची आहेत; उत्तरेही त्याच काळातली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि मंडळ्यांची (चर्चच्या सभासदसमूहांची) नावे मुद्दाम गाळली आहेत.

*प्रश्न: २०२० मध्ये २२ मार्चच्या रविवारपासून उपासना बंद झाली, तेव्हा घाईत पाळकसाहेबांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) मोबाईल नंबर दिला गेला. तेव्हापासून मंडळी त्यांच्याच फोनवर अर्पण पाठवते. पैन् पैचा हिशेब त्यांच्या वहीत आहे. आता लेखापरीक्षक हरकत घेतात. काय करावे? (खजिनदार, सात रस्ता)*

हरकत बरोबर आहे, आणि तिचा पाळकांच्या प्रामाणिकपणाशी संबंध नाही. वैयक्तिक खात्यात आलेला रुपया कायद्याच्या नजरेत त्या माणसाचा असतो. उद्या आयकराची विचारणा झाली तर वही दाखवून भागणार नाही, त्रास पाळकांनाच होईल.

आधी मागचे निस्तरा. त्या खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा बँकेकडून काढा. पाळक आणि खजिनदार दोघांनी मिळून अर्पणाच्या नोंदींवर खूण करावी, वहीशी ताडून पाहावे, आणि जी रक्कम निघेल ती एकाच धनादेशाने न्यासाच्या (चर्चच्या ट्रस्टच्या) खात्यात वर्ग करावी. मधल्या काळात त्याच पैशातून चर्चचे वीजबिल किंवा शिपायाचा पगार दिला असेल, तर तो खर्च वजा करून उरलेले भरू नका. पूर्ण रक्कम भरा आणि झालेला खर्च बिले जोडून वेगळ्या धनादेशाने पाळकांना परत द्या. कमिटीचा ठराव, खूण केलेला उतारा आणि ही यादी लेखापरीक्षकाच्या हातात द्या.

आता पुढचे. न्यासाच्या नोंदणी दाखल्यावर जे नाव आहे त्याच नावाच्या खात्यावर बँकेकडून क्यूआर मागा. दाखला, न्यासाचे पॅन, सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे आणि ठराव लागतो. विश्वस्त बदलले असतील आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिलेला नसेल, तर बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो अर्ज द्यायचा असतो. बँकेत नोंदवायचे सिम खजिनदाराचे घरचे नको, मंडळीचे वेगळे घ्या. पदाबरोबर ते पुढच्याकडे जाईल.

खरी डोकेदुखी पैसे आल्यावर सुरू होते. उताऱ्यावर पाठवणाऱ्याचे नाव येते ते पुण्यातल्या मुलाचे किंवा जावयाचे. ‘टीप’च्या रकान्यात लिहिलेले बऱ्याचदा पासबुकात उमटतच नाही. त्यामुळे रक्कम कोणाची आणि कशासाठी, हे कळत नाही. यावर सोपी युक्ती म्हणजे रकमेच्या शेवटच्या आकड्यालाच अर्थ द्यायचा. शेवटी १ असेल तर नेहमीचे अर्पण व दशमांश (मिळकतीचा दहावा भाग), २ असेल तर गरजूंचा मदत फंड, ३ असेल तर इमारत. म्हणजे ५०२ रुपये आले की ते मदत फंडाचे. एकचा आकडा नेहमीच्या अर्पणालाच ठेवा, कारण आपल्याकडे हात सवयीने १०१ आणि ५०१ वरच जातो. इमारतीला एक दिला तर वर्षअखेर इमारत फंड फुगलेला आणि पगाराला पैसे नाहीत, अशी गंमत होईल. कोणाचे, हे कळण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला नोंदवहीतला क्रमांक कळवा, आणि पैसे पाठवल्यावर तो क्रमांक व व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ खजिनदाराला संदेशाने पाठवायला सांगा.

दर सोमवारी दोघांनी फोनवर बसून उतारा वाचावा: एकाने रक्कम वाचायची, दुसऱ्याने वहीत खूण करायची. पावती क्रमांकित पुस्तकातलीच, तारीख रविवारची नव्हे तर बँकेत जमा झाल्याची. मार्चअखेरीला हाच फरक गोंधळ घालतो. क्यूआरचा कागद दारावर लावला असेल तर आठवड्यातून एकदा १ रुपया पाठवून समोर न्यासाचेच नाव येते ना ते पाहा. वरून दुसरा कागद चिकटवणारे भेटतात. आणि मंडळीला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ‘तुमची मदत मंजूर झाली, पिन टाका’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा.

*प्रश्न: मी विड्या वळते. कारखाना पाने-तंबाखू देत नाही, तेव्हा मजुरी नाही. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा दशमांश थकला आहे. हप्त्याने भरला तर चालेल का? वर्गणी थकली म्हणून चर्चच्या मतदार यादीतून नाव जाईल असेही कोणी म्हणाले. (विडी घरकुल, कुंभारी)*

ताई, दशमांश थकत नसतो. तो मिळकतीचा दहावा भाग. मिळकत शून्य तर दहावा भागही शून्य. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायाच्या बाराव्या वचनाचा आशय हाच आहे की जवळ असेल त्या मानाने दिलेले मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे. मजुरी सुरू झाली की त्या दिवसापासून द्या. मागचा हप्ता मागायला कोणी आले तर हे पान दाखवा.

वर्गणीचे मात्र वेगळे आहे. ती सभासदत्वाच्या नियमात असते आणि थकली तर मताचा हक्क जातो असे कलम पुष्कळ मंडळ्यांच्या घटनेत आहे. म्हणून हे काम तुमचे नाही, कमिटीचे. टाळेबंदीच्या काळातली वर्गणी सर्वांनाच माफ असल्याचा ठराव वार्षिक सभेच्या यादीआधी व्हायला हवा. ‘ज्यांना जमत नाही त्यांनी अर्ज करावा’ असा ठराव करू नका; गरिबीचा अर्ज लिहायला लावणे बरे नव्हे. तसेच कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकण्याची पद्धत २०२१ मध्ये काही ठिकाणी सुरू झाली, तीही बंद करा. बाबवार बेरीज सांगा, नावे नकोत.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना छापील पाकिटे द्या: कुटुंब क्रमांक, तारीख, रक्कम, कशासाठी. घरोघर फिरून अर्पण गोळा करणे टाळेबंदीत नियमात बसत नव्हते आणि शोभतही नाही. पाकिटे घरच्या डब्यात राहू द्या. चर्च उघडेल तेव्हा आणावीत. मधे कधी औषधाला त्या डब्यात हात गेला तर जाऊ द्या, तो कर्जाऊ म्हणून लिहून ठेवू नका. पाकिटे फोडताना एका घरातले नसलेले दोघे हजर हवेत, आणि रिकामी पाकिटे हिशेब तपासणी होईपर्यंत जपायची. नोटांवर सॅनिटायझर मारू नका, एकमेकींना चिकटतात. पाकिटे एक दिवस तशीच ठेवली की पुरे.

*प्रश्न: मदत फंडातून ४० घरांना शिधा द्यायचा आहे. गेल्या वर्षी गहू-तांदूळ वाटला, तो काहींनी विकला. यंदा काय द्यावे?*

विकला, कारण तो घरात होताच. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि २०२१ च्या मे-जूनसाठी केंद्राचे आणखी ५ किलो मोफत होते. कमी पडते ते बाकीचे: डाळ, तेल, तिखट आणि सोलापुरात मुख्य म्हणजे ज्वारी. पाच माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी ज्वारी १० किलो, तूरडाळ २ किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे १ किलो, साखर १ किलो, मीठ १ किलो, चहा व तिखट पाव-पाव किलो, अंगाचा साबण ३ आणि कपड्यांचा २. २०२१ मध्ये तेल महागले होते, म्हणून यादीत काटछाट करायची वेळ आली तर आधी साखर कमी करा, तेल नको.

ज्वारी दळून देऊ नका. पीठ जुने झाले की त्याची विरी (चिकटपणा) जाते. भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर उलथताना तुकडे पडतात, आणि बाई म्हणते ‘चर्चची ज्वारी वाईट होती’. धान्यच द्या, सोबत गिरणीचे पैसे द्या. शेंगदाणे कच्चेच द्यावेत. कूट किंवा चटणी या उन्हात लवकर खवट होते.

४० पिशव्या एका जागी भरून वाटण्यापेक्षा गल्लीतल्या किराणा दुकानदाराशी ठरवणे आम्हाला बरे वाटते. क्रमांकित चिठ्ठी, तिच्यावर जिन्नस व वजन, मुदत दहा दिवस. २०२१ च्या टाळेबंदीत दुकान सकाळी ७ ते ११ उघडे असे; ज्याने त्याने आपल्या वेळी घेऊन यावे. रांग नाही, फोटो नाही. दुकानदाराने जमलेल्या चिठ्ठ्या आठवड्याने द्याव्यात आणि धनादेश न्यावा. चिठ्ठीवर नुसती रक्कम लिहिली तर तंबाखू किंवा मागची उधारी त्यातून वळती होते, म्हणून जिन्नस लिहायचे.

*प्रश्न: इमारत फंडात पैसे पडून आहेत आणि पगाराला नाहीत. तात्पुरते वळवावेत का? नाहीतर पतसंस्थेतून कर्ज काढावे का?*

दोन्हीला घाई नको. इमारतीसाठी म्हणून घेतलेला पैसा इमारतीचाच. ज्या देणगीदारांनी दिला त्यांना पत्र लिहून विचारा. जे लेखी संमती देतील त्यांचीच रक्कम, तीही लेखापरीक्षकाला विचारून, वळवा. कर्जासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कमिटीचा ठराव पुरत नाही. आणि फंडाची ठेव पतसंस्थेत असेल तर तिकडेही लक्ष द्या. कलम ३५ मध्ये न्यासाचा पैसा कुठे ठेवावा ते ठरवून दिले आहे, व्याज जास्त मिळते हे कारण तिथे चालत नाही.

*प्रश्न: मुलगा दुबईत, मुलगी अमेरिकेत. दोघांना चर्चसाठी पैसे पाठवायचे आहेत. ८०जी ची (आयकरात सूट मिळण्यासाठीची) पावती मिळेल का?*

मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी धरला जात नाही; त्याच्या पासपोर्टची प्रत पावतीच्या स्थळप्रतीला जोडा. मुलीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचे कार्ड) असूनही तिचा पैसा विदेशीच. एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी नसलेल्या मंडळीने तो घेऊ नये. नोंदणी असेल तर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. आईच्या खात्यातून फिरवून आणणे ही पळवाट आहे, तीत पडू नका. निव्वळ धार्मिक न्यासाला ८०जी सहसा मिळत नाही. तसे वचन देऊन अर्पण मागू नये.

*प्रश्न: घरी पाव आणि द्राक्षरस घेऊन फोनसमोर प्रभुभोजन घेतले तर चालते का?*

कॅथॉलिक मंडळीत नाही. तिथे आध्यात्मिक सहभागाची प्रार्थना सांगितली आहे. इतरांनी आपल्या बिशपांचे पत्र पाहावे. आम्ही हिशेबाची माणसे, याहून पुढे जात नाही.

*प्रश्न: थेट प्रक्षेपण करतो, पण म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोहोचत नाही. आवाजही घुमतो.*

चित्र सोडा, आवाजाकडे लक्ष द्या. रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमणारच. पाळकांच्या घरातली लहान खोली घ्या, मागच्या आणि समोरच्या भिंतीवर दोन-दोन जाड चादरी टांगा. सोलापुरात त्यांची वाण नाही. फोन तोंडापासून एक वीत लांब, थोडा बाजूला. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. पंखा बंद करावा लागतो, म्हणून मे महिन्यात पहाटे सहाला ध्वनिमुद्रण करा. एक गीत, वाचन, दहा मिनिटांचा उपदेश, प्रार्थना: २५ मिनिटे पुरेत. ६४ केबीपीएस मोनोमध्ये साठवले तर फाइल १६ एमबीच्या आत बसते आणि व्हॉट्सअॅपवर जाते. शनिवारी संध्याकाळीच पाठवा.

बटणाच्या साध्या फोनवर व्हॉट्सअॅपचा आवाजी संदेश चालत नाही, पण अशा बऱ्याच फोनमध्ये कार्डाची खाच असते. फाइल एमपी३ मध्ये बदलून लहान मेमरी कार्डावर टाका, चार रविवारांचे एकदम. कार्ड किराण्याच्या पिशवीबरोबर पोहोचते. फाइलींची नावे आकड्यांनीच द्या, ०१, ०२ अशी; देवनागरी नावाच्या जागी त्या फोनवर चौकोन दिसतात.

*प्रश्न: इमारत बंद आहे. आत जाता येते का, आणि काय सांभाळावे?*

२०२१ च्या त्या निर्बंधांत बाहेरच्या भाविकांना बंदी होती, पण सेवेत असलेल्यांनी आपले काम करायला मुभा होती. आठवड्यातून एकदा दोघांनी जावे आणि वहीत वेळ लिहावी. खिडक्या तासभर उघडा. पेटी दहा मिनिटे वाजवा, सगळे सूर एकेकदा. न वाजवलेल्या पेटीचे सूर पावसाळ्यात दमट हवेने बिघडतात आणि भात्याचे कापड उंदीर कुरतडतात. माइकमधले सेल काढून ठेवा, नाहीतर फुटून आतले संपर्क खातात. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी बघा, या उन्हात ते भराभर उतरते. बाकांच्या पायांशी मातीची रेघ दिसली तर ती वाळवी; ती नुसती झाडून टाकू नका, बाक भिंतीपासून हातभर ओढून घ्या आणि औषध मारणाऱ्याला बोलवा. उपासना सुरू होईल त्याच्या आदल्या दिवशी पाण्याची टाकी उपसून, घासून, नव्याने भरावी. ते काम रविवारच्या सकाळवर ठेवले की हात धुवायच्या नळाला गढूळ पाणी येते.